बायबल-अभ्यासाच्या नियतकालिकासाठी शोधलेख: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लेख लिहून पूर्ण झाल्यावर शेवटच्या दोन दिवसांत त्याची मांडणी उरकायची, ही पद्धत इतर विषयांत कदाचित चालून जात असेल. बायबल-अभ्यासात ती चालत नाही. इथे एका पानावर इंग्रजी, हिब्रू आणि ग्रीक अशा तीन लिप्या एकत्र येतात, त्यांपैकी एक उजवीकडून डावीकडे जाते, वचनांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात आणि प्राचीन ग्रंथांचा निर्देश करण्याच्या पद्धती आधुनिक पुस्तकांपेक्षा वेगळ्या असतात. यांतले बहुतेक निर्णय मसुद्याच्या पहिल्या ओळीपूर्वी घेतले नाहीत, तर शेवटी ते प्रत्येक पानावर पुन्हा घ्यावे लागतात आणि तेव्हा हमखास काहीतरी सुटते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत.

पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी किंवा ज्ञानदीप विद्यापीठ यांसारख्या संस्थांत शिकणारे, तसेच परदेशात संशोधन करणारे मराठी भाषक अभ्यासक बहुधा आपले लेख इंग्रजीतच पाठवतात. हे विवेचन अशा इंग्रजी लेखाविषयी आहे. नमुना म्हणून ‘जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचर’ हे त्रैमासिक आणि त्यामागील सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर, म्हणजे एसबीएल, या संस्थेची शैलीपुस्तिका डोळ्यांसमोर ठेवली आहे. या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती २०१४ साली निघाली. पहिली १९९९ची असून ती आता वापरू नये. ग्रंथालयात अजून पहिलीच असेल तर तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, कारण संक्षेपांच्या याद्या आणि निर्देशाचे बरेच तपशील दुसरीत बदललेले आहेत.

१. आधी नियतकालिक ठरवा, मग मसुदा लिहा

एसबीएलची शैली सर्वत्र चालते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ‘वेटस टेस्टामेंटम’, ‘न्यू टेस्टामेंट स्टडीज’ आणि ‘कॅथलिक बिब्लिकल क्वार्टर्ली’ यांचे लेखकांसाठीचे नियम आपापले आहेत. पुस्तकांचे संक्षेप, तळटिपांची रचना, वर्णलेखन अमेरिकन की ब्रिटिश, यांत फरक पडतो. म्हणून निवडलेल्या नियतकालिकाची लेखकांसाठीची सूचनापत्रिका ताजी उतरवून घ्यावी आणि तिच्यातील पुढील गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्यात: शब्दमर्यादा तळटिपांसह मोजायची की वगळून, शेवटी संदर्भसूची हवी की नको, सारांश किती शब्दांचा, फाइल कोणत्या स्वरूपात आणि परीक्षण नाव झाकून होते की नाही. सूचनापत्रिका ज्या मुद्द्यावर काही सांगत नाही तिथे एसबीएलची पुस्तिका पाहावी, आणि तीही गप्प असेल तर ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’, कारण एसबीएलची पुस्तिका मुळात त्याच्याच पायावर उभी आहे.

त्याच नियतकालिकाचे अलीकडचे दोन अंक शेजारी ठेवून तळटिपा नीट न्याहाळाव्यात. नियम वाचून जे कळत नाही, ते छापील तळटिपेत पटकन दिसते.

प्रबंधाचे प्रकरण कापून पाठवणाऱ्यांनी इथेच थांबून विचार करावा. प्रबंधात परीक्षकाला दाखवण्यासाठी पूर्वसंशोधनाचा विस्तृत आढावा असतो, तर लेखात तो वाचकाला कंटाळवाणा होतो. आपल्या मुद्द्याला ज्या चार-पाच विद्वानांची मते थेट भिडतात तेवढीच ठेवावीत आणि लेखाचे म्हणणे पहिल्या दोन पानांत स्पष्ट शब्दांत मांडावे. ‘या प्रकरणात आपण पाहणार आहोत’ अशी वाक्ये शोधून काढून टाकावीत. प्रबंधाचा वास सर्वांत आधी त्यांतूनच येतो.

*इशारा:* एकच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांना पाठवणे हा या क्षेत्रात गंभीर दोष मानला जातो. पहिल्या ठिकाणचे उत्तर येईपर्यंत थांबावे.

२. कोणती संहिता आणि कोणता वचनक्रमांक, हे लिहून ठेवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या नुसत्या बाह्य मांडणीच्या नसतात. ग्रीक नव्या करारासाठी आज नेस्ले-आलांड या संशोधित संहितेची (हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठाची) २८वी आवृत्ती धरतात. ती २०१२ साली आली. युनायटेड बायबल सोसायटीजची पाचवी आवृत्ती हीच संहिता देते. २७वी आणि २८वी यांत शुभवर्तमाने किंवा पौलाची पत्रे यांची मूळ संहिता बदललेली नाही, पण याकोबापासून यहूदापर्यंतच्या पत्रांत ती ठिकठिकाणी बदलली आहे. २ पेत्र ३:१० हे त्याचे ठळक उदाहरण होय. २७व्या आवृत्तीत पृथ्वी आणि तिच्यावरील कामे ‘सापडतील’ असे क्रियापद आहे, तर २८व्या आवृत्तीत त्याआधी नकार आला आहे आणि अर्थ ‘सापडणार नाहीत’ असा उलटला आहे. विशेष म्हणजे या नकाराला कोणत्याही ग्रीक हस्तलिखिताचा आधार नाही. तो प्राचीन कॉप्टिक आणि सीरियाक अनुवादांवरून स्वीकारलेला आहे. यहूदाच्या पत्रातील पाचव्या वचनात २७वी आवृत्ती ‘प्रभू’ देते आणि २८वी ‘येशू’. आपण २७वी उघडी ठेवून लिहिले आणि तळटिपेत २८वीचा निर्देश केला, तर परीक्षकाला वाटेल की आपण संहिता पाहिलीच नाही. त्याचे तसे वाटणे चुकीचेही नसेल.

हिब्रूसाठी ‘बिब्लिया हेब्राइका श्टुटगार्टेन्सिया’ ही हिब्रू बायबलची संशोधित आवृत्ती अजूनही सर्रास वापरतात. तिच्यानंतरची ‘क्विंटा’ मात्र भागाभागांनी प्रसिद्ध होत आहे. आपल्या पुस्तकाचा क्विंटाचा भाग निघालेला असेल आणि आपला मुद्दा पाठभेदाशी संबंधित असेल, तर तो न पाहता लेख पाठवू नये.

आता वचनक्रमांक. मराठी आणि इंग्रजी बायबल बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने चालतात, म्हणून मराठी वाचकाला हिब्रू क्रमांकातील फरक लक्षातच येत नाही. मराठी बायबलमधील मलाखीचा चौथा अध्याय हिब्रूत नाहीच. तिथे तीच वचने ३:१९ ते ३:२४ अशी येतात. योएल २:२८–३२ हा भाग हिब्रूत तिसरा अध्याय ठरतो आणि आपला तिसरा अध्याय तिथे चौथा होतो. योना १:१७ हे हिब्रूत २:१ आहे. यशया ९:६ हे हिब्रूत ९:५ आहे. स्तोत्रांत तर शीर्षकालाच क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे स्तोत्र ५१चे पहिले वचन हिब्रूत ५१:३ होते आणि सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादात, संपूर्ण स्तोत्राचाच क्रमांक ५० असल्याने तेथे ते ५०:३ होते. यिर्मयाच्या सेप्टुअजिंटमध्ये परराष्ट्रांविषयीची वचने पुस्तकाच्या मध्यात येतात, म्हणून पंचविसाव्या अध्यायापुढचे अध्यायक्रमांक हिब्रूशी जुळत नाहीत.

ठरवायचे ते एवढेच: मुख्य क्रमांक हिब्रूचा की इंग्रजीचा. हिब्रू संहितेवर युक्तिवाद करणाऱ्या लेखात हिब्रू क्रमांक मुख्य ठेवावा आणि जिथे फरक असेल तिथे इंग्रजी क्रमांक कंसात द्यावा. पहिल्या तळटिपेत एका वाक्यात ही पद्धत जाहीर करावी. त्याच तळटिपेत वचनांचा अनुवाद लेखकाचा स्वतःचा आहे की एखाद्या प्रकाशित भाषांतरातून घेतला आहे, हेही सांगावे.

पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याच्याबाबतही हीच अडचण येते. व्हिस्टनच्या जुन्या इंग्रजी अनुवादात, म्हणजे इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या प्रतीत, ग्रंथ, प्रकरण आणि परिच्छेद असे तीन आकडे असतात, तर अभ्यासक ग्रीक संहितेचा संपादक नीझे याचे परिच्छेद-क्रमांक वापरतात. ‘ज्यूंचा प्राचीन इतिहास’ या ग्रंथातील येशूविषयीचा प्रसिद्ध उतारा व्हिस्टनमध्ये १८.३.३ आहे आणि अभ्यासकांच्या लेखनात १८.६३–६४. व्हिस्टनचे क्रमांक दिसले की लेखकाने लोएब ग्रंथमालेतील (मूळ ग्रीक आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर देणारी) प्रत उघडलेली नाही, हे लगेच कळते.

*तपासणी:* पहिल्या तळटिपेत संहितेची आवृत्ती, वचनक्रमांकाची पद्धत आणि अनुवादाचा स्रोत या तिन्ही गोष्टी आहेत का?

३. हिब्रू आणि ग्रीक टंकलेखन: केवळ युनिकोड

श्रीलिपी किंवा किरण फाँटमध्ये टंकलिखित केलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की काय होते, हे मराठीत काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जुन्या हिब्रू-ग्रीक फाँटांचे अगदी तसेच आहे; म्हणून युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरावीक संकेतांक देणारी पद्धत, पाळणारेच फाँट वापरावेत. जुने एसपी-टायबेरियन, एसपी-आयोनिक किंवा बायबलवर्क्स या संगणकप्रणालीचे स्वतःचे फाँट वापरून घेतलेली टिपणे अजून पुष्कळांच्या संग्रही आहेत; ती प्रणाली २०१८ साली बंदही झाली. अशा टिपणांतून मजकूर चिकटवला की आपल्या पडद्यावर हिब्रू दिसते आणि संपादकाच्या पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

एसबीएलचे तीन फाँट अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य मिळतात: एक हिब्रूचा, एक ग्रीकचा आणि तिसरा बिबलिट, ज्यात हिब्रू, ग्रीक व रोमन एकत्र आहेत. शक्यतो शेवटचाच वापरावा, म्हणजे तीन ठिकाणी फाँट बदलावा लागत नाही. वर्डमध्ये हिब्रूचा आकार किंवा फाँट बदलत नसेल तर गोंधळून जाऊ नये. देवनागरीसारखीच हिब्रूही वर्डच्या लेखी गुंतागुंतीच्या लिप्यांच्या गटात येते आणि त्या गटाचा फाँट व आकार वेगळ्या खान्यात ठरवावा लागतो.

हिब्रूच्या दिशेकडे जास्त लक्ष द्यावे. एकटा शब्द कधी त्रास देत नाही. तीन-चार शब्दांचे अवतरण ओळीच्या शेवटी येऊन पुढच्या ओळीवर मोडले की खरी परीक्षा होते. शब्द उलट क्रमाने दिसतात म्हणून हाताने त्यांची अदलाबदल करणारे लेखक बरेच आहेत. असे कधीही करू नये, कारण छपाईच्या वेळी ओळ वेगळ्या ठिकाणी मोडते आणि ती ‘दुरुस्ती’ चूक होऊन समोर येते. मजकूर वाचनाच्या क्रमानेच टंकित करावा आणि दिशा संगणकावर सोडावी. हिब्रू शब्दाला लागून आकडा, कंस किंवा तळटिपेचा क्रमांक आला की तो अवतरणाच्या दुसऱ्या टोकाला उडी मारतो. अशा वेळी डावीकडून उजवीकडे दिशा दर्शवणारे अदृश्य चिन्ह मध्ये घालावे, किंवा सरळ वाक्याची रचना बदलून हिब्रूच्या आधी व नंतर इंग्रजी शब्द ठेवावा. दुसरा उपाय साधा आहे आणि मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. लांब अवतरण मात्र स्वतंत्र परिच्छेदात, उजवीकडून डावीकडे अशी दिशा लावूनच द्यावे.

पीडीएफमधून हिब्रू उतरवू नये. अनेकदा अक्षरे उलट क्रमाने येतात आणि स्वरचिन्हे गळतात. स्वरचिन्हे द्यायची की नाहीत हे एकदा ठरवून सर्वत्र पाळावे. पठणाची चिन्हे, त्यांच्यावरच युक्तिवाद नसेल तर, काढून टाकावीत.

ग्रीकमध्ये दोन बारीक गोष्टी सतत चुकतात. वाक्यातून एकच शब्द उचलून चर्चेसाठी घेतला की त्याच्या शेवटच्या अक्षरावरील उतरता स्वराघात चढता करावा लागतो, कारण उतरता स्वराघात पुढच्या शब्दामुळे आलेला असतो. आणि संशोधित आवृत्तीतून मजकूर घेताना पाठभेद दाखवणारी छोटी चिन्हे सोबत येतात, ती साफ करावी लागतात.

*तपासणी:* पानाची रुंदी तात्पुरती निम्मी करून पाहा. हिब्रू अवतरणांतील शब्दांचा क्रम तरीही बरोबर राहिला, तर मजकूर योग्य पद्धतीने टंकित झालेला आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

४. मूळ लिपी की रोमन लिप्यंतर

नियतकालिक मूळ लिपी छापत असेल तर मूळ लिपीच द्यावी. लिप्यंतर करायचे असेल तर एसबीएलच्या पुस्तिकेत दोन पद्धती आहेत, एक अभ्यासकांसाठी काटेकोर आणि दुसरी सर्वसाधारण वाचकांसाठी सोपी. त्यांची सरमिसळ करू नये. आलेफ आणि आयिन या हिब्रू अक्षरांसाठी अर्धवर्तुळाकार स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यांच्या जागी कळफलकावरचे अवतरणचिन्ह टाकले की वर्ड ते आपोआप वळवतो आणि आलेफचे आयिन होऊन बसते.

५. बायबलचे संदर्भ आणि संक्षेप

एसबीएलच्या पद्धतीत पुस्तकांच्या संक्षेपांनंतर पूर्णविराम देत नाहीत. अध्याय आणि वचन यांच्यामध्ये अपूर्णविराम, वचनांच्या पल्ल्यासाठी संयोगचिन्ह नव्हे तर किंचित लांब रेघ. फिलिप्पैकरांस आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रांचे इंग्रजी संक्षेप एकमेकांत मिसळतात, तसेच शास्ते आणि यहूदा यांचेही. ही चार नावे शेवटी फाइलमध्ये शोधून एकेक पाहावीत. वाक्याची सुरुवात संक्षेपाने करू नये, तिथे पुस्तकाचे पूर्ण नाव लिहावे. ‘आणि पुढील वचने’ अशा अर्थाचे एकाक्षरी संक्षेप टाळून नेमका पल्ला द्यावा, कारण आपला मुद्दा कुठे संपतो हे आपल्याला ठाऊक असायला हवे. पुस्तकाचा आकडा आणि नाव वेगवेगळ्या ओळींवर जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालावी.

६. तळटिपा

पहिल्या उल्लेखात ग्रंथाची पूर्ण माहिती आणि नंतर लेखकाचे आडनाव, छोटे शीर्षक व पान, अशी रीत आहे. ‘तत्रैव’ या अर्थाचे लॅटिन संक्षेप मसुद्यात वापरू नयेत. मध्ये एक तळटीप नवी घातली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. पानाच्या आकड्यापूर्वी ‘पान’ या अर्थाचा संक्षेप एसबीएल देत नाही आणि पानांचे पल्ले शिकागोच्या रीतीने आखूड करते, म्हणजे ३२१–२५ किंवा १०७–८.

संदर्भकोशांच्या बाबतीत एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. किटेल यांनी संपादित केलेल्या नव्या कराराच्या मोठ्या ग्रीक शब्दकोशातील कोणतीही नोंद ‘किटेल म्हणतात’ असे सांगून दिली जाते. त्या कोशातील प्रत्येक मोठी नोंद वेगवेगळ्या विद्वानांनी लिहिलेली आहे. नाव नोंद लिहिणाऱ्याचे द्यावे, संपादकाचे नव्हे. टीकाग्रंथांच्या मालिकांतही मालिकेचे नाव संक्षेपाने आणि सरळ अक्षरांत, तर ग्रंथाचे शीर्षक तिरप्या अक्षरांत येते. जर्मन शीर्षकांत नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, फ्रेंचमध्ये तसे नसते. शीर्षक इंग्रजी सवयीने ‘सुधारू’ नये.

जोसेफस, ज्यू तत्त्वज्ञ फायलो, तसेच मिश्ना किंवा तालमूद हे ज्यू धर्मपरंपरेचे ग्रंथ यांचे निर्देश थोडक्यात असतील तर तळटिपेत न ढकलता मुख्य मजकुरातच कंसात द्यावेत. बाबिली तालमूदचा निर्देश पत्र (दोन बाजूंचे पान) आणि त्याची बाजू यांनुसार होतो, छापील अनुवादाच्या पानानुसार नाही.

मराठी ग्रंथाचा आधार घेतला असेल तर शीर्षक रोमन लिपीत चिन्हांसह लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ते वापरताना नेमकी प्रत कोणती पाहिली हे सांगावे. नुसते ‘मराठी बायबल’ असे म्हणणे पुरेसे नाही, कारण मराठीत एकापेक्षा अधिक भाषांतरे आहेत.

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीमध्ये एसबीएलच्या दुसऱ्या आवृत्तीची शैली मिळते आणि ती कामाला लावावी. मात्र मालिकांचे व नियतकालिकांचे संक्षेप आपल्याला योग्य खान्यात भरावे लागतात आणि प्राचीन ग्रंथ झोटेरोकडे मुळीच देऊ नयेत, ते हातानेच लिहावेत. सर्व काम झाल्यावर फाइलची प्रत काढून त्या प्रतीत झोटेरोचे दुवे तोडावेत, म्हणजे तळटिपा साधा मजकूर बनतात. मूळ फाइल जपून ठेवावी. सुधारणा करताना तीच लागते.

*तपासणी:* तळटिपा शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे वाचा. प्रत्येक छोट्या शीर्षकाचा पूर्ण उल्लेख आधी कुठेतरी आला आहे का, हे उलट्या वाचनात नेमके सापडते.

७. शीर्षक आणि सारांश

शीर्षकात वचन किंवा पुस्तक आलेच पाहिजे, नाहीतर शोध घेणाऱ्याला लेख सापडत नाही. सारांश म्हणजे प्रस्तावना नव्हे: प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष तिन्ही त्यात हवेत. सारांश सर्वांत शेवटी लिहावा.

८. नाव झाकणे

हा टप्पा मुद्दाम इतका मागे ठेवला आहे, कारण आधी केला तर पुढच्या दुरुस्तीत नाव परत शिरते. शीर्षकाखालचे नाव काढणे सोपे असते. राहून जाते ते आभाराची तळटीप, ‘माझ्या आधीच्या लेखात’ अशी वाक्ये, प्रबंधाचा उल्लेख आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेले नाव. स्वतःच्या लेखाचा उल्लेख तृतीयपुरुषी करावा, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. वर्डमध्ये दस्तऐवज तपासण्याची सोय आहे. ती चालवून लेखकाची माहिती, टिपण्या आणि नोंदवलेले बदल पुसावेत. फाइलच्या नावातही आडनाव नको.

*इशारा:* पीडीएफसुद्धा या साफसफाईनंतरच बनवावी. आधी बनवलेल्या पीडीएफमध्ये नाव तसेच राहते.

९. पाठवणे आणि त्यानंतर

हिब्रू किंवा ग्रीक असलेल्या लेखासोबत वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली देणे हिताचे ठरते, कारण अक्षरांविषयी शंका आल्यास संपादक पीडीएफशी ताडून पाहू शकतो. सोबतचे पत्र चार-पाच ओळींचे असावे: लेखाचे शीर्षक, त्याचे म्हणणे एका वाक्यात, आणि तो अन्यत्र विचाराधीन नाही हे विधान.

सुधारून पुन्हा पाठवा असे उत्तर आले तर ते नकार समजू नये. परीक्षकांचे मुद्दे क्रमाने उतरवून प्रत्येकाखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, ते लिहावे. एखादा मुद्दा मान्य नसेल तर कारणासह तसे सांगण्यास हरकत नसते; न बोलता तो टाळणे मात्र लगेच उघडे पडते.

छपाईपूर्वीची मुद्रिते आली की युक्तिवाद सुधारण्याची वेळ संपलेली असते. त्या वेळी पहिले काम हिब्रूची प्रत्येक ओळ मूळ आवृत्तीशी ताडून पाहण्याचे, कारण मांडणीच्या प्रणालीत मजकूर उतरताना शब्दांचा क्रम आणि स्वरचिन्हे पुन्हा बिघडू शकतात, आणि मांडणी करणाऱ्याला हिब्रू येत असेलच असे नाही. त्यानंतर ग्रीक स्वराघात, मग वचनक्रमांक, मग तळटिपांचे आकडे आणि सर्वांत शेवटी इंग्रजी मजकूर, या क्रमाने वाचावे.